रात्री तीनचा फोन

पत्र: डॉक्टरताई, आमचे मिस्टर एकवीस वर्षं ट्रकवर ड्रायव्हर आहेत. वय ४४. पिंपळगावहून कांदा भरून कोलकात्याला जातात, येताना मिळेल तो माल. महिन्याला तीन फेरे. शेठचं म्हणणं, अडीच दिवसांत गाडी पोचली पाहिजे. मागच्या वर्षी शुगर निघाली. गोळ्या घरी असले की घेतात, गाडीवर राहून जातात. घोरणं इतकं की पलीकडच्या खोलीत मुलगी उठते. मधेच श्वास अडकतो आणि दचकून जागे होतात. घरी आले की दोन दिवस झोपून काढतात, तरी जेवता जेवता ताटावर डोळा लागतो. बोलायला गेलं की खेकसतात. गेल्या महिन्यात अकोल्याच्या अलीकडे पहाटे गाडी रस्त्याखाली उतरली. मला म्हणाले, कुत्रं आडवं आलं. गाडीवरचा क्लीनर आमच्या भावकीतलाच पोरगा आहे. तो म्हणाला, काकू, कुत्रंबित्रं नव्हतं, काका झोपले होते. तेव्हापासून मी रोज तीनचा गजर लावते आणि त्यांना फोन करून अर्धा-पाऊण तास बोलत बसते, म्हणजे झोप लागणार नाही. ड्रायव्हरकी सोडा म्हटलं की घरात भांडण. घराचं कर्ज आहे, मुलगी बारावीला आहे. शुगरवर आयुर्वेदिक काही चालेल का? आणि अजून एक विचारायचं होतं, पण ते लिहवत नाही.
– एका ड्रायव्हरची बायको, निफाड तालुका

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी न विचारलेल्याचं सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही. भाऊंनी पुढचा फेरा धरायच्या आत त्यांच्या झोपेची तपासणी व्हायला हवी. शुगरचं मग बघू. ड्रायव्हरकी सोडायची की नाही, ते तर त्याच्याही नंतर.

भिंतीपलीकडे ऐकू जाणारं घोरणं, श्वास अडकून दचकून उठणं आणि दिवसा ताटावर डोळा लागणं, या गोष्टी एकाच माणसात दिसल्या की आम्हा डॉक्टरांना एका आजाराचा संशय येतो. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला ढोसून जागं करतो. तासाला पंधरा-वीस वेळा, कुणाकुणाला तीसच्याही वर. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. माणूस म्हणतो, आठ तास झोपलो तरी अंग जड आहे. घरचे म्हणतात, घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. भाऊ दोन दिवस झोपून काढतात आणि तरी ताजे होत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. ती झोप म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणं आहे. शुगर आणि बीपी आटोक्यात न येण्यामागेही पुष्कळदा हाच आजार असतो. खेकसण्याचंही तेच. महिनोन्‌महिने झोप न मिळालेल्या माणसाकडे गोड बोलायला काही उरत नाही. ते तुमच्यावरचं चिडणं आहे असं मनाला लावून घेऊ नका.

डॉक्टरकडे नेणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आधी एक करा. पुढच्या वेळी ते घरी झोपले की मोबाइल उशाशी उभा करून पाच-दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या. घोरणं चालू आहे, मग एकदम शांतता, छाती वरखाली होतेय पण आवाज नाही, आणि मग मोठा घुसमटलेला श्वास, हे त्यात यायला हवं. ते डॉक्टरला दाखवायचं आहेच, पण त्याआधी भाऊंनाच दाखवा. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणांनी बायकोचं वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं आणि स्वतःचा तो व्हिडिओ बघून ते मुकाट्याने चाचणीला तयार झाले. स्वतःचा श्वास बंद पडलेला बघणं फार वेगळं असतं.

तपासणी नाशिक शहरात छातीच्या डॉक्टरांकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे होते. बोटाला, छातीला आणि नाकाशी बारीक सेन्सर लावून रात्रभराची नोंद घेतात. हल्ली घरच्या अंथरुणात झोपूनही करता येते. आजार निघाला तर बहुतेकांना रात्री नाकावर मास्क लावून झोपायचं एक मशीन देतात, ते हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. स्वस्त नाही, पण काही ठिकाणी भाड्यानेही मिळतं. ते गाडीत वापरायचं असेल तर मशीन देणाऱ्याला आधीच सांगा, कारण मोठ्या ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते आणि त्याला योग्य कन्व्हर्टर लागतो. वजन उतरलं, झोपताना पाठीऐवजी कुशीवर झोपलं, रात्रीची दारू सुटली तरी पुष्कळ फरक पडतो. भाऊ घेतात की नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. पण अंगदुखीवर म्हणून अनलोडिंगच्या गावी घेतलेली क्वार्टर त्या रात्रीचा श्वास आणखी अडकवते, एवढं त्यांच्या कानावर घाला.

आता तीनच्या फोनबद्दल. ताई, हे लिहिताना मला जड जातंय, कारण महिनाभर गजर लावून उठताय त्यामागे किती काळजी आहे ते दिसतंय. पण तो फोन बंद करा.

जागरणाने शिणलेल्या मेंदूला मधेच तीन-चार सेकंदांची झोप लागते. डोळे उघडे असतात, हात स्टेअरिंगवर असतात, तोंडाने 'हं, हं' चालू असतं. तुम्ही आठवून बघा, बोलता बोलता त्यांचं एखादं 'हं' उशिरा आलं असेल, किंवा तुम्ही मुलीच्या फीचं विचारलं आणि उत्तर भलतंच आलं असेल. तेव्हा ते झोपेत होते. साठच्या स्पीडला चार सेकंदांत गाडी ६५ मीटरच्या पुढे जाते, आणि मागे भरलेला कांदा असतो. तुमच्या आवाजाने ही झोप अडत नाही. उलट जागा असलेला जो थोडा मेंदू शिल्लक आहे, तो तुमच्याशी बोलण्यात खर्च होतो. खिडकी उघडी ठेवणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखूचा बार भरणं, यांचंही तसंच आहे. पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, मग झापड परत येते. झोपेवर झोप हा एकच उपाय आहे.

अकोल्याजवळचा तो प्रसंग मी जरा मांडून बघितला. सकाळी बाजारात लिलाव, दुपारी गाडी भरणं, ताडपत्री आणि रस्से आवळणं, कागद हातात येईपर्यंत संध्याकाळ. सहाला पिंपळगाव सोडलं तर धुळे, जळगाव करत चाळीसच्या सरासरीने अकोला येतं पहाटे चारच्या सुमारास. भाऊ सकाळी सहाला उठले असतील तर तोवर बावीस तास जागे. सलग सतरा-अठरा तास जागा असलेला माणूस जवळपास दारू प्यायल्यासारखी गाडी चालवतो, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. त्यात पहाटे दोन ते पाच ही वेळ अशी की भरपूर झोपलेल्या माणसाचंही शरीर तेव्हा मंद होतं. दुपारी जेवणानंतर दोन-तीनच्या सुमारास पुन्हा तसंच. म्हणजे ज्या तासाला, ज्या जागी गाडी खाली उतरली, तिथे ती उतरणारच होती. कुत्र्याची गोष्ट त्यांनी तुम्हाला लाजेने सांगितली असावी. एकवीस वर्षांच्या ड्रायव्हरला 'मला झोप लागली' म्हणणं फार कठीण जातं. सरकारी कागदालाही ते जमत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू 'अतिवेग' या एका रकान्यात टाकले गेले. त्यात किती जण झोपेत होते, हे त्यावरून कळत नाही.

शेठच्या अडीच दिवसांचंही बघू. नाशिक ते कोलकाता सुमारे १८०० किलोमीटर. भरल्या गाडीची सरासरी चाळीस धरली तर ४५ तास नुसते चाकावर. अडीच दिवस म्हणजे ६० तास. उरले पंधरा. त्यात जेवणं, अंघोळ, चेकपोस्ट, टायर, जाम आणि अडीच दिवसांची झोप. कायदा काय म्हणत आला? मोटार वाहतूक कामगार कायद्यात (२०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत सामावला) १९६१ सालीच लिहून ठेवलं होतं की दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन फार तर दिवसाला १० आणि आठवड्याला ५४, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही ट्रक-बस चालवणाऱ्यांना हेच तास लावले. या हिशोबाने कोलकाता साडेचार दिवसांचं आहे. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर सक्तीचे होते. कागदावर का होईना, एक चालवेल आणि एक झोपेल असा विचार त्यात होता. २०१८ मध्ये ती अटही निघाली. हे सगळं सांगते ते यासाठी की भाऊंची तब्येत त्यांच्या हलगर्जीपणाने बिघडली असं तुमच्या पत्रात कुठेतरी डोकावतंय. गोळ्या चुकवल्या ती चूक त्यांचीच. पण साठ तासांत पंचेचाळीस तास चालवायला लावणारा फेरा कोणाचीही तब्येत मोडेल.

माझे वडील पिंपळगाववरून जाणाऱ्या याच मुंबई–आग्रा रोडवर ट्रक चालवायचे. मी लहानपणी त्यांचे दोन्ही हात शेजारी ठेवून बघत असे. उजवा हात खिडकीकडचा, डाव्यापेक्षा दोन छटा काळा. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, इतकी वर्षं त्या बाजूने वारा आणि हॉर्न. घरी खाटेवर झोपले की उजव्या पायाने पायथ्याची फळी दाबत राहायचे, झोपेत ब्रेक मारायचे. आई त्यांच्या पायावर हात ठेवून बसायची. त्यांना शुगर होती आणि पायाची जाणीव कमी झाली होती, हे आम्हा कोणाला माहीत नव्हतं. जुन्या गाड्यांत इंजिन केबिनमध्येच असायचं आणि त्याचा पत्रा डाव्या पायाशी तापायचा. १९९८ च्या उन्हाळ्यात त्या पत्र्याला टेकून डाव्या पायाला फोड आला. दुखलंच नाही, म्हणून बघितलं नाही. इंदूरहून परत येईपर्यंत त्यात पू झाला होता. दोन बोटं काढावी लागली. त्या वर्षी मी बारावीला होते. तुमच्या मुलीचं वाचलं तेव्हा ते आठवलं.

म्हणून शुगरचं बारकाईने सांगते. भाऊंना अनवाणी चालवायची सवय असेल तर ती आजच मोडा. पुष्कळ ड्रायव्हर चप्पल काढूनच बसतात. बंद, मऊ बूट हवेत. रात्री झोपायच्या आधी तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, वाकता येत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने.

गोळ्या गाडीवर राहून जातात, याला मी दोष देत नाही. गोळीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'सकाळी नाश्त्याआधी', आणि ट्रकवर सकाळ कुठे असते? गोळ्या दात घासायच्या ब्रशच्या डब्यात ठेवा. ब्रश रोज होतोच. आणि डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की हे लांब पल्ल्याचे ड्रायव्हर आहेत, जेवणाची वेळ ठरलेली नाही. याने औषध बदलू शकतं. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की जेवण चुकलं तर त्या साखर गरजेपेक्षा खाली ओढतात. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. स्टेअरिंगवर हे होणं झोपेइतकंच वाईट. मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या एकट्या घेतल्या तर सहसा असं करत नाहीत. भाऊंच्या चिठ्ठीवर नेमकं काय आहे ते विचारून घ्या, पण मनाने बंद करू नका. गूळ किंवा ग्लुकोजची पुडी हाताशी, डॅशबोर्डच्या कप्प्यात हवी, मागच्या पेटीत नको. वरची लक्षणं दिसली की गाडी बाजूला, गूळ तोंडात, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं तर काहीतरी खाऊन घ्यायचं, आणि पाऊण तासाच्या आत किल्ली फिरवायची नाही. क्लीनर पोराला हे सगळं शिकवून ठेवा. तुमच्याशी खरं बोललेला तोच एक आहे, त्याला हाताशी धरा.

आयुर्वेदाचं थोडक्यात: कारलं, मेथी जेवणात जरूर असू द्या. पण गोळ्या बंद करून त्याऐवजी कुठलंही चूर्ण नको. ढाब्यावर किंवा बसस्टँडवर मिळणाऱ्या 'शुगर मुळापासून'वाल्या पुड्या तर नकोतच.

पाण्याची गोष्ट सगळे विसरतात. शुगर वाढली की लघवी वारंवार लागते, गाडी थांबवावी लागते, म्हणून ड्रायव्हर पाणीच कमी पितो. मग मुतखडा होतो, लघवीला जळजळ होते, आणि रक्तातली साखर आणखी घट्ट होते. दिवसाला अडीच-तीन लिटर पोटात जायला हवं. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं, इतकी साधी खूण त्यांना सांगा. जेवणाबद्दल मी ढाब्याला शिव्या देणार नाही, रस्त्यावर तोच घर असतो. दाल तडक्याशिवाय मागता येते, रोटीवरचं लोणी नको म्हणता येतं. तुमच्याकडची बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा दोन दिवस टिकतो, दशम्याही टिकतात. सोबत फुटाणे, काकडी. आणि कांदा काय, गाडीभर आहे.

पाठीचं तुम्ही लिहिलं नाही, पण एकवीस वर्षांत ती दुखत नसेल असं होणार नाही. तासन्‌तास हादरे खाऊन उतरलेल्या माणसाने लगेच रस्सा ओढला की मणक्यातली गादी सरकते. केबिनमधून उडी मारायची नाही, धरून पायरी-पायरीने उतरायचं, दहा मिनिटं चालायचं आणि मगच ताडपत्रीला हात लावायचा. पाकीट मागच्या खिशातून काढून पुढे ठेवायचं. तेवढ्याने कितीतरी जणांची पायात उतरणारी कळ कमी झालेली मी पाहिली आहे.

तंबाखू असेल, कारण जवळपास सगळ्यांचीच असते. त्यांना आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगा. जात नसतील, किंवा गालात पांढरा चट्टा दिसला, किंवा तिखट झोंबू लागलं असेल तर लगेच दाताच्या डॉक्टरकडे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आणि सर्दीच्या गोळीने झोप येते, ती घेऊन गाडी चालवू नये. उत्तरेच्या रस्त्यांवर जागं राहायला म्हणून भुक्की आणि डोडा मिळतो, तो अफूचाच भाऊबंद. त्याची सवय लागलेल्यांना सोडवताना मी पाहिलंय, फार हाल होतात.

आता घरात बोलायचं कसं. 'ड्रायव्हरकी सोडा' हे वाक्य तुमच्याकडून आता यायला नको. चव्वेचाळिसाव्या वर्षी ज्याला हे एकच काम येतं आणि ज्याच्या मानेवर घराचा हप्ता आहे, त्याला त्या वाक्यात 'तू आता निकामी झालास' एवढंच ऐकू येतं. आल्या दिवशी तर काहीच बोलू नका. खोलीत अंधार करा, मुलांना बाहेर ठेवा, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा झाल्यावर तो व्हिडिओ दाखवा. कुत्र्याचं खोटं पकडल्याचं मात्र दाखवू नका, त्या पोराचंही नाव येऊ देऊ नका. नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला खरं सांगणारं कोणी उरणार नाही. म्हणा, दोन दिवस काढा, माझ्यासाठी एक चाचणी करा, मग काय ते ठरवू. शुगरच्या गोळ्या चालू आहेत एवढ्यावरून लायसन्स जात नाही, हेही सांगा, ती भीती पुष्कळांच्या मनात असते. ट्रकचं लायसन्स दर पाच वर्षांनी नवं करताना डॉक्टरचा दाखला लागतो. माझ्याकडेही लोक येतात, 'मॅडम, फक्त सही द्या' म्हणतात. मी तपासल्याशिवाय देत नाही. काही जण चिडून दुसरीकडे जातात, याचं मला अजून वाईट वाटतं.

झोपेचा आजार निघाला तर उपचार लागू पडेपर्यंत रात्रीची गाडी बंद, यात मी काही सूट देऊ शकत नाही. उपचार नीट सुरू झाले की बहुतेक जण परत चालवतात. पण फेरा मात्र बदलायला हवा. शेठशी बोलणी भाऊंनीच करायची, आणि तब्येतीचं गाऱ्हाणं न सांगता गाडीचं सांगायचं: रात्री एक ते पाच गाडी उभी राहील, कोलकात्याला तीन रात्रींचे बारा तास जास्त लागतील. कांदा म्हणजे दूध नाही, नीट हवा खेळती ठेवून भरला असेल तर बारा तासांनी नासत नाही. गाडी उलटली तर माल, गाडी आणि दोन माणसं, हिशोब शेठलाही कळतो. त्याच शेठकडचे आणखी दोन-चार ड्रायव्हर सोबत असतील तर बोलण्याला वजन येतं. एकट्याला 'परवडत नसेल तर चावी ठेव' म्हणणं सोपं असतं. ऐकलंच नाही तर दुसरा ड्रायव्हर मागा, किंवा नाशिक–मुंबई, न्हावाशेवा अशा जवळच्या भाड्याचं काम शोधा. पैसे कमी येतील. किती कमी आणि हप्ता त्यात बसतो का, हे दोघांनी वहीत मांडून बघा, मुलीलाही बसवा. बारावीची आहे, तिला कळतं.

गाडी कुठे उभी करायची हा खरा प्रश्न असतो, त्याची मला जाणीव आहे. डिझेल चोरतात, ताडपत्री फाडून गोण्या काढतात, म्हणून ड्रायव्हर थांबायला भितो. उजेड असलेला ओळखीचा ढाबा किंवा मोठा पेट्रोल पंप धरायचा. काही पंपांवर 'अपना घर' नावाने ड्रायव्हरसाठी खाटा आणि अंघोळीची सोय असते. हायवेच्या कडेला, पांढऱ्या पट्टीपाशी मात्र कधीही लावायची नाही, मागून दुसरा झोपलेला येऊन धडकतो. जास्त वेळ नसेल तर चहा पिऊन लगेच वीस मिनिटं डोळे मिटायचे. चहाचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, उठल्यावर दोन्हींचा फायदा मिळतो. हा उपाय तासा-दोन तासांपुरता आहे, रात्र काढायला नाही.

आणि तुम्ही जे लिहू शकला नाहीत ते. मला वाटतं मला कळलंय. अंदाज चुकला असेल तर क्षमा करा आणि हा परिच्छेद सोडून द्या. महिन्याचे वीस-बावीस दिवस बाहेर राहणाऱ्या माणसाच्या बायकोच्या मनात ही शंका येणं यात लाजण्यासारखं काही नाही, आणि शंका आली म्हणजे ती खरीच असते असंही नाही. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त ठेवतात. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही. तुम्ही एकट्या जाऊन स्वतःची करून घेऊ शकता, त्यांना सांगितलंच पाहिजे असं नाही. निघालंच काही तर औषधं मोफत आहेत आणि ती रोज घेणारी माणसं पूर्ण आयुष्य जगतात. अंगावर पांढरं जाणं, खाज, जखम असं काही असेल तर तेही तिथल्या डॉक्टरबाईंना सांगा. १०९७ या सरकारी एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करून आधी नुसतं विचारताही येतं.

तुमच्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाही. महिनाभर तीनला उठताय, म्हणजे तुमचीही झोप गेली. छातीत धडधड, रडू येणं, जेवण न जाणं असं चालू असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्या सगळ्यांची शुगर-बीपी मोफत तपासतात. भाऊंना न्याल तेव्हा स्वतःचीही तपासून घ्या.

तीनचा गजर काढून टाका. त्याऐवजी रात्री साडेबाराला एक फोन ठरवून घ्या, गाडी चालू असताना त्यांनी तो उचलायचा नाही, थांबल्यावर त्यांनीच उलट लावायचा. तेव्हा एकच विचारा, गाडी कुठे लावलीत. ढाब्याचं नाव ऐकलं, क्लीनरचा आवाज ऐकला, की फोन ठेवा आणि तुम्हीही झोपा. चाचणीचा रिपोर्ट आला की मला कळवा.